निचऱ्याच्या चॅनेलवर धातूची जाळी कशी निवडावी

फाटकाच्या उंबरठ्यावर, रॅम्पच्या पायथ्याशी, पोहण्याच्या तलावाच्या काठाने किंवा कारखान्याच्या फरशीत लांबट नाली जाते. तिच्या वर जी जाळी बसते, तीच या सगळ्या कामातली रोज मार खाणारी वस्तू असते. चाके तिच्यावरून जातात, पाणी तिच्यातून उतरते, माणसे तिच्यावर पाय ठेवतात. तरीही ती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आणि नक्षी पाहून घेतली जाते. इथूनच चूक सुरू होते. निवडीचा क्रम ठरलेला ठेवा: आधी चाक, मग पाणी, मग पाऊल, मग धातू. दिसण्याचा विचार या चारांतून जे उरेल त्यात करायचा.

पुढे लागणारे तीन शब्द आधी पाहू. पट्ट्यांच्या जाळीत वजन पेलणाऱ्या उभ्या धारेच्या पट्ट्या असतात, त्या मुख्य पट्ट्या. त्यांना जागेवर धरून ठेवणाऱ्या बारीक आडव्या सळया वजन पेलत नाहीत. आणि तुकड्याच्या चारही बाजूंनी वेल्ड केलेली असते ती कडेची पट्टी. ओतीव जाळीत हे तीन भाग वेगळे दिसत नाहीत, पण काम तेच असते.

पायरी १: वरून काय जाणार ते लिहून काढा

"गाड्या जातील" एवढे पुरत नाही. कोणती गाडी, भरलेली की रिकामी, तिथे फक्त ओलांडून जाणार की वळणार आणि ब्रेक मारणार, हे कागदावर लिहा. वर्षातून एकदाच येणारी गाडीही धरा: पाण्याचा टँकर, सामान हलवणारा ट्रक, अग्निशमनाची गाडी. जाळी तुटते ती याच एका फेरीत.

युरोपीय मानक ईएन १४३३ मध्ये अशा चॅनेलचे वजनवर्ग दिले आहेत आणि ते जगभर वापरले जातात. ए१५ हा फक्त पायी चालणारे आणि सायकली यांच्यासाठी. बी१२५ पदपथ आणि खासगी मोटारींच्या पार्किंगसाठी. सी२५० रस्त्याच्या कडेच्या भागासाठी, डी४०० प्रत्यक्ष रस्त्यासाठी, ई६०० गोदी आणि जड चाकांच्या औद्योगिक जागांसाठी, एफ९०० विमानतळाच्या फरसबंदीसाठी. अक्षरापुढचा आकडा किलोन्यूटनमध्ये असतो. १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ टन, म्हणजे डी४०० ची चाचणी सुमारे ४० टनांच्या दाबाने होते.

इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. हा चाचणीचा दाब आहे, गाडीचे परवानगी असलेले वजन नव्हे. बी१२५ लिहिले म्हणून १२ टनांचा ट्रक चालेल, असा अर्थ घेऊ नका. प्रयोगशाळेत दाब हळूहळू आणि सरळ खाली दिला जातो. प्रत्यक्षात चाक आदळते, ब्रेक लागला की आडवे ढकलते, वळताना जाळीला पिळते, आणि हे हजारो वेळा होते. चाचणीचा आकडा मोठा ठेवण्यामागे हेच कारण आहे.

दुसरी गोष्ट: वर्ग एकट्या जाळीचा नसतो. जाळी, चौकट, चॅनेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे काँक्रीट मिळून तो वर्ग बनतो. डी४०० ची जाळी पातळ प्लास्टिकच्या चॅनेलवर ठेवली तर जाळी शाबूत राहील, पण खालच्या कडा फुटतील.

फोर्कलिफ्टचा विचार वेगळा करावा लागतो. २.५ टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साधारण ४ टन असते. माल उचलला की जवळजवळ सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ३ टन. ही चाके लहान आणि भरीव असतात, हवेच्या टायरसारखी पसरत नाहीत. त्यामुळे सारे ओझे तळहाताएवढ्या जागेत उतरते. मोटारींच्या पार्किंगला पुरणारी जाळी गोदामात काही महिन्यांत वाकते ती यामुळेच. फोर्कलिफ्ट असेल तिथे डी४०० च्या खाली जाऊ नका, आणि ती जाळीवरच वळत असेल तर ई६०० चा विचार करा. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकची चाके त्याहूनही बारीक असतात. तिथे ताकदीइतकाच फटीच्या रुंदीचाही प्रश्न येतो.

पायरी २: पट्ट्यांची दिशा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या. मुख्य पट्ट्या नालीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेल्या पाहिजेत, म्हणजे नालीच्या लांबीला काटकोनात. पट्टीची दोन्ही टोके काठावर टेकली तरच ती वजन पेलते. पट्ट्या नालीच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर त्यांना मध्ये कुठेच आधार उरत नाही. सगळे ओझे त्या बारीक सळयांवर येते आणि पहिल्याच जड चाकाखाली जाळीला झोळ पडतो.

ही चूक मागणीच्या कागदावरच होते. "२०० × १००० मिमी जाळी" एवढेच लिहिले की बनवणारा पट्ट्या लांब बाजूने घालतो, कारण कापण्याचे आणि वेल्डिंगचे काम त्यात कमी होते. म्हणून लिहा: "मुख्य पट्ट्यांची लांबी २०० मिमी, रुंदीच्या दिशेने." शेजारी एक छोटी आकृती काढून पट्ट्यांच्या दिशेने बाण दाखवा.

पट्टी केवढी हवी याचा अंदाज घरबसल्या करता येतो. समजा, नालीची मोकळी रुंदी १५० मिमी आहे आणि पट्टी दोन्ही काठांवर २५-२५ मिमी टेकते. आधारांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर १७५ मिमी झाले. पट्ट्या ३० मिमी अंतराने आहेत आणि टायरची रुंदी सुमारे १८० मिमी आहे. म्हणजे एका चाकाखाली ६ पट्ट्या येतात. मोटारीच्या एका चाकावर ५ किलोन्यूटन धरले तर प्रत्येक पट्टीला ०.८३ किलोन्यूटन मिळते. २५ मिमी उंच आणि ३ मिमी जाड पट्टीत यामुळे चौरस मिलिमीटरला सुमारे ११७ न्यूटनचा ताण येतो. साधे पोलाद २५० च्या आसपास कायमचे वाकू लागते, तेव्हा ही पट्टी चालते.

आता त्याच जाळीवर ३० किलोन्यूटनचे फोर्कलिफ्टचे चाक आणा. प्रत्येक पट्टीला ५ किलोन्यूटन आले आणि ताण सहा पट झाला. २५ × ३ तिथेच संपली. हिशेबाने किमान ४० × ५ च्या पुढे जावे लागते, आणि धक्क्यासाठी वाव ठेवायचा तर ५० × ५ घ्यावी. सगळ्या पट्ट्या सारखा भार घेतात असे यात धरले आहे, म्हणून हा अंदाज समजा. जड वाहतुकीच्या जागी अंतिम आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या किंवा चाचणी केलेली तयार जाळी घ्या.

यातून एक सोपा नियम हाताशी येतो. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर चौपट होते. लोखंड तितकेच घालायचे असेल तर ते उंचीत घाला. उलट नालीची रुंदी वाढली की सगळे झपाट्याने बिघडते: अंतर दुप्पट झाले तर तेवढ्याच भाराखाली पट्टी आठ पट लवते. म्हणूनच १०० मिमीच्या चॅनेलवर छान चाललेली जाळी त्याच पट्ट्यांत ३०० मिमीसाठी बनवून मागू नये.

पायरी ३: पाणी जाळीतून उतरते का

सपाट जागेवर जाळीच्या फटी क्वचितच कमी पडतात. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २०० चौरस मीटरच्या अंगणावर तासाला १०० मिमी या वेगाने पाऊस कोसळला तर तासाला २०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ५.६ लिटर पाणी येते. नाली १० मीटर लांब असेल तर दर मीटरला ०.५६ लिटर. एकाच बाजूने, १० मिमी खोल थराने पाणी काठावरून आत येत असेल तरी दर मीटरला सेकंदाला दीड लिटरच्या वर ते आत पडू शकते. १०० मिमी रुंदीच्या आणि ३० टक्के मोकळ्या जाळीच्या फटी तर त्याच्या कितीतरी पट पाणी सोडतात. अर्ध्या फटी पानांनी बुजल्या तरी अडत नाही. अडते ते नालीच्या खोलीत, उतारात आणि शेवटच्या पाइपच्या तोंडाशी. पाणी तुंबते म्हणून जाळी बदलायला निघालात, तर आधी पाइपचे तोंड बघा.

रॅम्पवर मात्र सगळे उलटे होते. उतारावरून आलेले पाणी वेगात असते आणि फटीवरून उडी मारून पुढे जाते. ५ मिमी जाडीचा पाण्याचा थर पूर्ण खाली पडायला सेकंदाचे सुमारे ३२ हजारांश लागतात. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने येत असेल तर तेवढ्या वेळात ते ३२ मिमी पुढे गेलेले असते, आणि २ मीटर वेगाने येत असेल तर ६४ मिमी. आता पाण्याच्या वाटेत आडव्या, ८-८ मिमीच्या फटी असलेली जाळी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक फटीत थराचा तळचा पापुद्रा तेवढा उतरतो, बाकीचे पाणी पुढच्या पट्टीवर आपटते आणि सरळ गॅरेजमध्ये जाते. तेच, फटी पाण्याच्या दिशेने लांब असतील आणि १०० मिमीच्या नालीत ८०-९० मिमी सलग मोकळ्या असतील, तर २ मीटर वेगाचे पाणीही आत पडते.

म्हणजे रॅम्पच्या पायथ्याशी पट्ट्यांची जाळीच चांगली, कारण तिच्या मुख्य पट्ट्या नाली ओलांडून जातात आणि फटी आपोआप पाण्याच्या दिशेने येतात. नक्षीची भोके पाडलेला पत्रा इथे घालू नका, तो कितीही देखणा असला तरी. उतार फारच तीव्र असेल तर २०० मिमी रुंदीची नाली घ्या, किंवा थोड्या अंतराने दोन नाल्या द्या.

फटी बारीक असल्या की पाने वर अडकतात, मोठ्या असल्या की खाली जाऊन पाइपच्या तोंडाशी गोळा होतात. आमच्या मते पाने वर अडकलेली बरी: ती दिसतात आणि झाडूने निघतात. बागेजवळ मात्र शेवटच्या गाळटाकीत उचलून काढता येईल अशी टोपली हवीच.

पायरी ४: पाऊल, टाच आणि बारीक चाक

पाण्याला जी फट सोयीची, ती सायकलला धोक्याची असू शकते. रॅम्पवर सायकलही पाण्याच्याच दिशेने जाते, आणि रेसिंग सायकलचा टायर जेमतेम २३ ते २८ मिमी रुंद असतो. जाण्याच्या दिशेला समांतर असलेली २५ मिमीची फट म्हणजे स्वाराला तोंडावर पाडणारा सापळाच. अशा जागी दोन उपाय आहेत. एक तर पट्ट्या जवळ आणून त्यांच्यामधली मोकळी फट १३ मिमीच्या आत ठेवा. नाहीतर आडव्या सळया जवळजवळ घालून चौकोनी जाळी करा, पण त्या वरच्या पातळीपेक्षा थोड्या खाली वेल्ड करायला सांगा, म्हणजे पाणी अडणार नाही.

१३ मिमी हा आकडा हवेतून आणलेला नाही. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या सुगम्यता नियमांत चालण्याच्या पृष्ठभागावरच्या भोकातून अर्ध्या इंचापेक्षा मोठा गोळा जाऊ नये आणि लांबट फटी चालण्याच्या मुख्य दिशेला आडव्या असाव्यात, असे सांगितले आहे. व्हीलचेअरची पुढची छोटी चाके आणि काठीचे टोक यांच्यासाठी ही मर्यादा आहे. उंच टाचांच्या चपला जिथे येतात, म्हणजे सभागृह, हॉटेलचे प्रवेशद्वार, तिथे आणखी खाली, ८ मिमीच्या आत या. तलावाकाठी आणि न्हाणीघरातही ८ मिमीच्या आतच ठेवा, कारण तिथे लहान मुलांची बोटे असतात. शिवाय कापलेल्या धारा हाताने फिरवून पाहा. बोटाला खरखर लागली तर अनवाणी पायाला नक्की कापेल.

रस्त्याच्या कडेने, वाहतुकीला समांतर जाणाऱ्या नालीत ही कुतरओढ नसते. तिथे मुख्य पट्ट्या आपोआप चाकाला आडव्या येतात.

घसरण्याचा विचार उतारावर आणि तेलकट फरशीवर करायचा. आरशासारखे चकाकणारे स्टेनलेस ओले झाले की पाय निसटतो. दातेरी पट्टी किंवा वर उठावाची नक्षी असलेली ओतीव जाळी घ्या. पण दातेरी पट्टी अनवाणी जागी नको.

पायरी ५: धातू

बहुतेक कामांत चारांपैकी एक धातू घ्यावा लागतो. पहिला म्हणजे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर चढवलेले) पोलाद, बाहेरच्या साध्या कामासाठी आमची पहिली पसंती. मात्र जस्त कोणत्या पद्धतीने चढवले ते विचारा. वितळलेल्या जस्तात, सुमारे ४५० अंश सेल्सिअसला बुडवून चढवलेला थर जाड असतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४६१ प्रमाणे ३ ते ६ मिमी जाडीच्या पोलादावर तो सरासरी किमान ७० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ६ मिमीच्या वर ८५ मायक्रॉन हवा. विजेच्या प्रक्रियेने चढवलेला थर चकचकीत आणि देखणा असतो, पण बहुधा ५ ते १५ मायक्रॉनच भरतो. दोन्ही मालाला "जीआय" (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) म्हटले जाते, म्हणून शब्दावर न जाता मायक्रॉन विचारा. चुंबकीय जाडीमापकाने ते जागेवर मोजता येतात. साधारण शहरी हवेत जस्त वर्षाला १ ते २ मायक्रॉन झिजते, खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर ४ ते ८ सुद्धा. ७० मायक्रॉन आणि १० मायक्रॉन यांतला फरक यावरून तुम्हीच काढा. जाळीवर गाळ आणि चाके घासतात, म्हणून हवेच्या हिशेबापेक्षा आयुष्य थोडे कमीच धरा.

गॅल्व्हनाइज्ड जाळी जागेवर कापू नका. ग्राइंडर लागला की त्या धारेवरचे जस्त गेले, आणि गंज तिथूनच आत शिरतो. सगळी मापे, भोके आणि वेल्डिंग आधी, बुडवणे शेवटी. कापावेच लागले तर कापलेली जागा तारेच्या ब्रशने घासून भरपूर जस्त असलेल्या रंगाचे दोन हात द्या. आम्ल आणि तीव्र अल्कली ही दोन्ही जस्ताला खातात, तेव्हा रसायनांच्या कारखान्यात ही जाळी नको.

दुसरा, स्टेनलेस. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि क्लोराइडपुढे, म्हणजे मिठासारख्या क्षारांपुढे, टिकण्याचे बळ त्यातून येते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला ३०४ पुरते. पोहण्याचा तलाव, समुद्रकिनारा, मीठ किंवा ब्लीच वापरून धुतल्या जाणाऱ्या जागा यांना ३१६ च हवे. चुंबक लावून परीक्षा करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिच्यावर विसंबू नका. निकेल कमी करून मँगॅनीज वाढवलेले २०० मालिकेचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ वाकवलेल्या जागी किंचित चिकटते. मिलचे, म्हणजे पोलाद बनवणाऱ्या कारखान्याचे, चाचणी प्रमाणपत्र मागा. मॉलिब्डेनम आहे की नाही ते दाखवणारे रसायनाचे थेंबही मिळतात.

स्टेनलेसला गंज चढण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण ते स्वतः नसतेच. शेजारी साधे लोखंड कापताना उडालेल्या ठिणग्या त्यावर चिकटतात आणि दोन-तीन पावसांत तपकिरी ठिपके उठतात. लोखंडी तारेच्या घासणीनेही हेच होते. दुसरे कारण म्हणजे फरशीचे सिमेंट काढायला वापरलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. ते नालीत वाहते, जाळीच्या खालच्या बाजूला वाळते आणि धातूला बारीक खड्डे पाडते. आम्लाने धुण्याआधी जाळ्या उचलून बाजूला ठेवा. वेल्डिंगचे निळे-काळे डाग तसेच ठेवलेला मालही घेऊ नका. ते आम्लप्रक्रियेने काढून टाकलेले असले पाहिजेत.

तिसरे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. यात साधे बीड आणि डक्टाइल आयर्न असा मोठा भेद आहे. साध्या बिडात कार्बनच्या पातळ पापड्या असतात. तडा त्या पापड्यांच्या कडेने धावतो आणि जाळी आधी न वाकता एकदम फुटते. डक्टाइल ओतताना मॅग्नेशियम घातले जाते, त्यामुळे कार्बनचे गोल कण होतात आणि तडा तिथे थबकतो. वाहने जाणाऱ्या जागी डक्टाइलच घ्या. जड वाहतुकीत त्याच्या तोडीचे दुसरे फारसे काही नाही. त्यावरचा काळा रंग मात्र चाकांखाली लवकर जातो आणि वर तपकिरी गंज येतो. तो बहुतांशी वरवरचा असतो, ताकद कमी करत नाही. पण शेजारी फिकट रंगाचा दगड असेल तर ओघळ उमटतात, हे आधी लक्षात घ्या.

चौथा, ॲल्युमिनियम. हलका, गंजाला बरा, पण वाहनांच्या जागी क्वचितच पुरतो, आणि ओले सिमेंट त्याला खाते.

जाळी आणि चौकट शक्यतो एकाच धातूची ठेवा. गॅल्व्हनाइज्ड चौकटीवर स्टेनलेसची मोठी जाळी बसवली की ओलाव्यात दोन धातूंमध्ये बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि चौकटीचे जस्त भराभर संपते. उलट, गॅल्व्हनाइज्ड जाळीला स्टेनलेसचे चार बोल्ट चालतात, कारण लहान बोल्ट मोठ्या जस्ताचे फारसे बिघडवू शकत नाहीत.

पायरी ६: माप

तयार चॅनेलची जाळी त्याच उत्पादकाची घ्या, मग हा प्रश्नच येत नाही. "१०० मिमी चॅनेल" या नावातला आकडा बहुधा आतल्या मोकळ्या रुंदीचा असतो, जाळीचा नाही.

काँक्रीटमध्ये ओतलेल्या नालीसाठी मात्र स्वतः मोजावे लागते. मोकळी रुंदी, जाळी ज्यात बसते त्या खाचेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची रुंदी आणि खाचेची खोली, ही तीन मापे दर मीटरला घ्या. हाताने ओतलेली नाली कधीच सरळ नसते. सगळ्यात लहान रुंदीतून ५-६ मिमी वजा करा, ती जाळीची रुंदी. सगळ्यात मोठ्या रुंदीच्या जागी ही जाळी दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी टेकते का ते तपासा. टेकत नसेल तर जाळी बदलून उपयोग नाही, खाच दुरुस्त करा.

अँगलच्या, म्हणजे काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीच्या, चौकटीत एक बारीक फसगत आहे. ५० × ५० × ५ चा अँगल आणि ५० मिमी उंच जाळी ही जोडी कागदावर जुळलेली दिसते. पण अँगलच्या खालच्या पट्टीची जाडी ५ मिमी असते, म्हणून आतली उंची ४५ मिमीच भरते आणि जाळी ५ मिमी वर डोके काढते. त्या कडेला पाय अडखळतो आणि चाक दर फेरीला ठोसा मारते. शिवाय अँगलच्या आतल्या कोपऱ्यात गोलाई असते. जाळीची चौकोनी कड त्या गोलाईवर चढून बसते, तळाला टेकतच नाही, आणि मग ती जन्मभर खडखडते. उपाय असा: अँगलची आतली उंची जाळीच्या उंचीइतकी निवडा आणि जाळीची खालची कड जस्तात बुडवण्याआधी तिरकी घासून घ्या. जस्ताच्या थरासाठीही अर्धा मिमी सोडा.

तुकडे ५०० मिमी किंवा १००० मिमीचे ठेवा. ५० × ५ च्या पट्ट्यांची, २०० मिमी रुंद आणि १ मीटर लांब जाळी साधारण १८ किलो भरते. एक माणूस ती उचलू शकतो. त्याहून जड केली तर साफसफाईला कोणी ती उघडणारच नाही. दोन तुकड्यांमध्ये १ ते २ मिमी जागा सोडा. ५० अंशांच्या तापमानबदलाने १ मीटर पोलाद ०.६ मिमी वाढते, ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट.

पायरी ७: पकड

फक्त माणसे चालणार असतील तर जाळी स्वतःच्या वजनाने बसलेली पुरते. वाहने आली की ती बांधावी लागते, कारण ब्रेक लावलेले चाक तिला पुढे ढकलते आणि एका टोकावर चढलेले चाक दुसरे टोक उचलते. मोटारींच्या जागी स्प्रिंगची पकड चालते. डी४०० आणि वर बोल्टच हवेत, किंवा उत्पादकाने त्याच वर्गासाठी तपासलेले कुलूप. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटात कोरडा आवळला तर आटे एकमेकांत जाम होतात आणि पुढच्या वेळी बोल्ट तुटतो. आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट लावा. सार्वजनिक जागी पकड आणखी एका कारणाने हवी: धातूच्या भंगारासाठी जाळ्या चोरीला जातात, आणि मागे उघडी नाली राहते.

मागणीच्या कागदावर काय हवे

वजनवर्ग, धातू आणि त्याची प्रत, मुख्य पट्टीची उंची, जाडी, दोन पट्ट्यांमधले मोकळे अंतर, पट्ट्यांची दिशा बाणासह, तुकड्याची रुंदी आणि लांबी, चारही बाजूंना कडेची पट्टी, जस्ताचे मायक्रॉन, पकडीचा प्रकार, तुकड्यांची संख्या. पाइपच्या तोंडावर येणारा तुकडा वेगळा नोंदवा, तो सहज उचलता यायला हवा. आणि एक जादा तुकडा घ्या. पाच वर्षांनी तेच माप आणि तीच नक्षी मिळेल याचा भरवसा नसतो.

माल आल्यावर आणि बसवताना

तुकडा सपाट फरशीवर ठेवून चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने पाय द्या. डुगडुगला तर परत करा. जस्तात बुडवताना उष्णतेने पातळ जाळ्या पिळवटतात आणि असा तुकडा चौकटीत कधीच शांत बसत नाही. गॅल्व्हनाइज्ड तुकडे एकावर एक रचून पावसात ठेवू नका. मध्ये पाणी अडकून पांढरी भुकटी धरते. लाकडाच्या पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचा.

चॅनेलभोवती काँक्रीट ओतताना जाळी, किंवा तिच्या मापाचे लाकूड, खाचेत बसवलेलेच असू द्या. नाहीतर ओल्या काँक्रीटच्या दाबाने चॅनेलच्या भिंती आत येतात, आणि दुसऱ्या दिवशी जाळी ३ मिमीसाठी अडून बसते. जाळीवर प्लास्टिक गुंडाळा, सिमेंटचे शिंतोडे जस्तावर आणि स्टेनलेसवर दोन्हीवर डाग ठेवतात. शेजारची फरशी जाळी आणि चौकटीच्या वरच्या पातळीपेक्षा ३ ते ५ मिमी उंच ठेवा. पाणी आत उतरते आणि चाक लोखंडाच्या कडेला ठोकर न देता त्यावरून जाते. फरशी अगदी समपातळीत लावली तर पुढे ती थोडी दबते आणि जाळी वर येते.

चौकटीच्या खाचेत वाळूचा एक खडा राहिला तरी तुकडा एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा डोलतो. प्रत्येक तुकडा बसवण्याआधी खाच ब्रशने झाडून घ्या. मगच बोल्ट आवळा, आणि वाहतूक सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी ते पुन्हा एकदा आवळून पाहा. त्याच वेळी प्रत्येक तुकड्यावरून एक मोटार सावकाश नेऊन आवाज ऐका. खडखडणारा तुकडा उचलून खाली काय अडकले आहे ते काढा. खाच स्वच्छ असूनही आवाज येत असेल तर जाळी टेकते त्या जागी रबराची पातळ पट्टी चिकटवा.